दुसऱ्यानं लिहिलेला कोड

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मुलं बरेच प्रोग्राम लिहितात. स्टॅक, क्यू, बायनरी ट्री, ग्रंथालयाचं व्यवस्थापन, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. या सगळ्यांची सुरुवात कोऱ्या फाइलपासून होते आणि व्हायवा झाला की त्यांचं काम संपतं. मग कॅम्पसमधून एखाद्या मोठ्या कंपनीत निवड होते, ट्रेनिंग होतं, हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या इमारतीत प्रोजेक्ट मिळतो. तिथे पहिल्याच आठवड्यात समोर येतो पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहायला घेतलेला कोड. मधल्या काळात त्याला अनेकांचे हात लागलेले असतात आणि या क्षणीही त्याच्यावर कुठल्याशा बँकेचा किंवा विमा कंपनीचा व्यवहार चालू असतो. ज्यांनी तो लिहिला त्यांतले बहुतेक जण कंपनी सोडून गेलेले असतात. कोरी फाइल त्यानंतर क्वचितच वाट्याला येते.

मोठ्या कंपनीतल्या नव्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचं मुख्य काम वाचण्याचं असतं, आणि नेमकं तेच त्याला कोणी शिकवलेलं नसतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७८ व्यावसायिक डेव्हलपरांच्या ३,१४८ तासांच्या कामाची नोंद ठेवली गेली. त्यांचा सुमारे ५८ टक्के वेळ असलेला कोड समजून घेण्यात जात होता, आणि नवख्यांच्या बाबतीत हा वाटा अनुभवी लोकांपेक्षा जास्त होता. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात मात्र दहा हजार ओळींचा अनोळखी प्रोग्राम हातात देऊन 'यात व्याजाचा हिशेब कुठे होतो ते शोध' अशी परीक्षा घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. ती घ्यायला हवी, असं मला फार वाटतं.

खरं तर भारतातला हा सगळा उद्योगच दुसऱ्याचा कोड वाचण्यावर उभा राहिला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, म्हणजे टीसीएसची, सुरुवात १९६८ साली मुंबईत झाली आणि फकिरचंद कोहली यांनी तिला आकार दिला. १९७४ च्या सुमारास तिला अमेरिकेतल्या बरोज या संगणक कंपनीकडून जी सुरुवातीची परदेशी कामं मिळाली, त्यात रुग्णालयांच्या हिशेबाची प्रणाली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचं काम होतं. प्रणाली दुसऱ्या कोणी लिहिलेली, रुग्णालयं सातासमुद्रापलीकडची, आणि ती वाचून समजून घेणारे प्रोग्रामर मुंबईत. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, अंधेरीला निर्यातीसाठी सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं आणि पुढे तिथल्या इमारतींत अशाच कामांची रीघ लागली. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करणारे सात जण पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले होते, म्हणजे याच कामात मुरलेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला 'वाय टू के'ची भीती पसरली. जुन्या प्रोग्राममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असल्यामुळे २००० आणि १९०० यांतला फरक यंत्राला कळणार नव्हता. त्या वेळी भारतातल्या हजारो तरुणांनी कोबोलच्या लाखो ओळी डोळ्यांखालून घातल्या आणि जिथे तारीख दिसेल तिथे हात घातला. कोबोल ही १९५९ साली आकाराला आलेली भाषा. तिच्यात लिहिलेले प्रोग्राम जगभरच्या बँकांत आजही चालू आहेत आणि ते वाचणारी बरीच माणसं आपल्याकडची आहेत.

या कामाला 'मेंटेनन्स' म्हणतात आणि ट्रेनिंगमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना तो प्रोजेक्ट मिळाला की त्यांचा चेहरा पडतो. 'डेव्हलपमेंट मिळालं का रे?' हा त्या वयातला पहिला प्रश्न असतो. मेंटेनन्समध्ये नेमकं काय असतं हे एका तिकिटावरून पाहू. तिकीट म्हणजे सुधारण्याच्या कामाची नोंद. पुढचं तिकीट मी समजुतीसाठी रचलेलं आहे, पण त्यातला दोष या धंद्यातल्या कोणालाही ओळखीचा वाटेल.

एक विमा कंपनी. ज्यांच्या पॉलिसीचा हप्ता जवळ आला आहे, त्यांना दर महिन्याला नोटीस जाते. नोटिसा तयार करणारा प्रोग्राम रात्री आपोआप चालतो, त्याला 'जॉब' म्हणतात. तिकीट येतं : 'वसईच्या काही ग्राहकांना नोटीस मिळाली नाही, तपासावे.' सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या मुलीच्या नावावर ते पडतं. प्रायॉरिटी तीन, म्हणजे आग लागलेली नाही, पण आठवड्याभरात उत्तर हवं.

ती आधी पत्ते पाहते, पिनकोड पाहते, टपालाचा घोळ आहे का ते पाहते. काही सापडत नाही. मग नोटीस मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची नावं शेजारीशेजारी लावते. परेरांना मिळाली, लोपीसांना मिळाली, पाटलांना आणि वर्तकांनाही मिळाली. डिसूझा, डिमेलो आणि डिसिल्वा यांना मिळाली नाही. आणि त्यातही गंमत अशी की एका डिसूझांना मिळाली आहे. त्यांचं आडनाव इंग्रजीत सलग लिहिलेलं आहे. बाकीच्यांच्या आडनावात 'डी' या अक्षरानंतर वरच्या बाजूला ॲपॉस्ट्रॉफी आहे.

आता ती जॉबचा कोड उघडते. माहितीसाठ्याला, म्हणजे डेटाबेसला, प्रश्न विचारायची एसक्यूएल नावाची भाषा असते. तिच्यात मजकूर दोन एकेरी अवतरणचिन्हांमध्ये लिहितात आणि ॲपॉस्ट्रॉफीसाठीही तेच चिन्ह वापरतात. जॉब लिहिणाऱ्यानं प्रश्नाचं वाक्य तुकडे जोडून तयार केलं होतं : आधी 'ज्याचं आडनाव अमुक आहे' एवढा भाग, मग अवतरणचिन्ह, मग आडनाव, मग पुन्हा अवतरणचिन्ह. पाटील असेल तर वाक्य नीट जुळतं. आडनावातच ते चिन्ह आलं की डेटाबेसला वाटतं आडनाव 'डी'पाशीच संपलं, आणि पुढचं 'सूझा' हा काहीतरी न कळणारा शब्द आहे. तो त्रुटी दाखवतो आणि थांबतो.

दोष सापडला. पण खरा प्रश्न पुढेच आहे. त्रुटी येत होती, तर इतके दिवस कोणाला कळलं कसं नाही? याचं उत्तर चार ओळी खाली मिळतं. त्रुटी आली तर काय करायचं, ते तिथे लिहिलेलं आहे : लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, नोंद करा आणि पुढच्या ग्राहकाकडे वळा. हे कोणी आळसानं लिहिलेलं नाही. एका ग्राहकाची नोंद बिघडलेली असेल म्हणून लाखभर लोकांच्या नोटिसा रात्रभर अडकू नयेत, एवढाच त्यामागचा विचार होता आणि तो रास्त होता. फक्त तो लॉग रोज सकाळी कोणी वाचायचा, हे कधीच ठरलं नाही. नोटीस गेली नाही, हप्ता चुकला, तर पॉलिसी बंद पडू शकते. पडद्यावरच्या त्या एका ओळीच्या दुसऱ्या टोकाला वसईतलं एक घर आहे, आणि हे जिच्या लक्षात राहतं तिला मी चांगली इंजिनिअर म्हणेन.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. आडनावात ते चिन्ह दिसलं की ते दोनदा लिहायचं. तसं केल्यावर डेटाबेस त्याला मजकुराचा भाग समजतो. दहा मिनिटांचं काम. दुसरा मार्ग म्हणजे वाक्य तुकडे जोडून बनवणंच बंद करायचं. प्रश्नाचा साचा वेगळा पाठवायचा आणि आडनाव वेगळं. मग आडनावात काहीही असलं तरी डेटाबेस त्याला आज्ञेचा भाग समजत नाही. तुकडे जोडण्याच्या पद्धतीतूनच 'एसक्यूएल इंजेक्शन' नावाचा हल्ला होतो. आडनावाच्या रकान्यात कोणी मुद्दाम एसक्यूएलची आज्ञा लिहिली तर डेटाबेस ती पाळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हा धोका सगळ्यांना माहीत आहे आणि तरी जुन्या प्रणालींत तो अजून सापडतो. म्हणजे वसईच्या डिसूझांनी नकळत कंपनीच्या भिंतीतलं भगदाड दाखवून दिलं होतं.

ती दुसरा मार्ग निवडते. बदल चार-पाच ओळींचा. तो टीम लीडकडे रिव्ह्यूला जातो. लीडचं उत्तर येतं : "बदल बरोबर आहे. हीच जोडाजोडी अजून कुठे आहे, पाहिलंस का? आणि त्या लॉगच्या ओळीचं काय करणार आहेस?"

ती शोधते. पत्ता बदलण्याच्या स्क्रीनवरही तेच आहे. तिथे 'सेंट अँथनीज' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला अडचण येत असणार. तिला वाटतं, हात घातलाच आहे तर सगळंच नीट करून टाकावं. लीड सांगतो, "नको. या तिकिटात नोटिसांचंच कर. बाकीच्यांची वेगळी तिकिटं काढ, मी क्लायंटशी बोलतो." त्या क्षणी हे तिला कागदी घोडे नाचवणं वाटू शकतं. पण बदल लहान असला तर तो तपासता येतो, आणि काही बिघडलं तर तेवढाच मागे घेता येतो. दहा ठिकाणचे बदल एकत्र गेले आणि रात्री काही कोसळलं, तर दहांतलं कुठलं कारण ते शोधण्यात रात्र जाते.

त्यानंतर टेस्टिंग. त्यानंतर क्लायंटच्या माणसांनी केलेली तपासणी. त्यानंतर बदल मंजूर करणाऱ्या समितीपुढे अर्ज. त्यात बिघडलं तर मागे कसं यायचं याची योजना लिहावीच लागते. त्यानंतर शनिवारी रात्रीचं रिलीज. पाच ओळी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या ग्राहकांपर्यंत, पोहोचायला तीन आठवडे सहज जातात. स्टार्टअपमधला मित्र तेवढ्या वेळात तीस बदल करून मोकळा झालेला असतो. या संथपणावर नवी मुलं सर्वांत जास्त वैतागतात. त्यातल्या काही पायऱ्या निव्वळ सवयीनं चालत आल्या आहेत, हेही खरं. पण मूळ पायऱ्यांची किंमत काय आहे, हे अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या उदाहरणातून कळतं.

या कंपनीनं २०१२ च्या जुलै अखेरीला आपल्या आठ सर्व्हरांवर नवा कोड चढवला. एका सर्व्हरवर तो चढवायचा राहून गेला. ज्यानं काम केलं त्याच्यामागे दुसऱ्या कोणी पडताळणी करावी, असा लेखी नियम तिथे नव्हता. नव्या कोडमध्ये एक जुनी खूण पुन्हा वापरली होती. ती खूण राहून गेलेल्या आठव्या सर्व्हरवर, कित्येक वर्षं न वापरलेल्या पण कधीच न काढलेल्या प्रोग्रामला जागं करत होती. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडला आणि तो सर्व्हर भराभर शेअर घेऊ-विकू लागला. सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांवर व्यवहार झाले आणि कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकी नियामकांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. बाजार उघडण्याआधीच प्रणालीनं या जुन्या प्रोग्रामचं नाव असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून कोणी वाचले नाहीत.

वसईच्या नोटिसांचा लॉग आणि हे ९७ ई-मेल एकाच जातीचे आहेत. यंत्रं सांगत असतात, ऐकायला कोणाला नेमलेलं नसतं. नव्या इंजिनिअरनं पहिल्याच महिन्यात लीडकडे एक गोष्ट मागावी : लॉग वाचण्याची परवानगी. कोड बदलण्याची परवानगी उशिरा मिळते आणि तसंच असावं. वाचण्याची लवकर मिळते.

चूक प्रत्येकाच्या हातून होणार, हे धरून चाललेलं बरं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं दुय्यम डेटाबेसची फोल्डर रिकामी करायची आज्ञा चुकून मुख्य डेटाबेसवर दिली. क्षणात लक्षात आलं आणि त्यानं ती थांबवलीही, पण तोवर ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअप पाहायला गेले तर एकेक करत कामाचा एकही निघेना. नेहमीचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे फसत होता आणि तो फसल्याचे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक प्रत होती म्हणून कंपनी वाचली.

पुढे कंपनीनं जे केलं ते मला मोलाचं वाटतं. दुरुस्ती चालू असताना त्यांनी ती सगळ्या जगाला थेट दाखवली आणि नंतर संपूर्ण अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाचा रोख अशा प्रश्नांवर होता : दोन वेगळ्या मशीन पडद्यावर सारख्या का दिसत होत्या? बॅकअप खरोखर परत आणता येतो का, हे तपासणं कोणाची जबाबदारी होती? आज्ञा देणाऱ्या माणसावर खापर फोडलं गेलं नाही. गूगलनंही अशा घटनांच्या चौकशीत व्यक्तीला दोष न देण्याची पद्धत आपल्या अभियंत्यांच्या २०१६ च्या पुस्तकात सविस्तर मांडली आहे. आपल्याकडे मात्र अजून अनेक ठिकाणी क्लायंटच्या कॉलवर पहिला प्रश्न येतो, 'हे कोणी केलं?' त्या प्रश्नाच्या धास्तीनं नवी मुलं चूक लपवतात, आणि दहा मिनिटांत निस्तरता आली असती अशी गोष्ट सकाळपर्यंत वाढते. मॅनेजरनं तो प्रश्न बदलला तर टीम बदलते.

आता पैशांचं. सेवा देणाऱ्या कंपन्यांत क्लायंटकडून माणसामागे, तासाच्या किंवा महिन्याच्या दरानं पैसे येतात. याला बिलिंग म्हणतात. टीमची रचना पिरॅमिडची असते : वर थोडे अनुभवी, खाली पुष्कळ नवे. नव्यांचा पगार कमी असल्यामुळे नफा या खालच्या थरातून निघतो, म्हणून भरती हजारांनी होते. टीसीएसचं मनुष्यबळ आज सहा लाखांच्या घरात आहे. ज्याला अजून प्रोजेक्ट मिळालेला नाही तो 'बेंच'वर. पगार मिळतो, पण रोज सकाळी ऑफिसात येऊन वाट पाहायची आणि पोर्टलवर आपलं नाव तपासायचं, हे बाविशीतल्या माणसाला आतून पोखरणारं असतं.

आणि पगार? २०१२ च्या आसपास मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्यांना वर्षाला सव्वातीन लाखांच्या आगेमागे मिळत. दहा-बारा वर्षांनंतरही सर्वसाधारण भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. मधल्या काळात पुण्यातलं खोलीचं भाडं कुठे गेलं हे वाकडमध्ये राहणाऱ्या कोणालाही विचारा. दुसरीकडे नोकरी सोडायची तर अनेक ठिकाणी ९० दिवसांची नोटीस. २०२२ नंतर तर ऑफर लेटर हातात असूनही महिनोन्‌महिने रुजू करून न घेतलेली मुलं होती. हा हिशेब न्यायाचा नाही असं मी मानतो, आणि 'मुलांकडे कौशल्यच नाही' असं म्हणून त्यावर पडदा टाकणंही मला मान्य नाही. कौशल्य येतं ते काम मिळाल्यावर. काहींच्या वाट्याला एल-वन सपोर्ट येतो : रात्रपाळी, पडद्यावरचा लाल दिवा, रनबुकमध्ये, म्हणजे सूचनांच्या वहीत, लिहिल्याप्रमाणे जॉब पुन्हा चालू करणं, तिकीट वरच्या टीमकडे ढकलणं. असं कोणाला दोन वर्षं ठेवलं, आणि जॉब बंद का पडला हे पाहायला कोडच दाखवला नाही, तर त्याच्या हाती अनुभवाचं पत्र तेवढं येतं.

कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यापासून, म्हणजे २०२१-२२ पासून, नवख्यांची गरजच संपेल का, असं पालक विचारतात. भरतीवर परिणाम होणार, त्यात शंका नाही. पण वसईच्या तिकिटाकडे पुन्हा पाहा. त्या पाच ओळी यंत्र चुटकीसरशी लिहून देईल. नावांच्या दोन याद्या शेजारीशेजारी लावायची बुद्धी, लॉगची ओळ मूळच्या माणसानं का लिहिली असेल याचा अदमास, आणि 'हेच अजून कुठे आहे' हा प्रश्न, यांची गरज राहतेच. शिवाय यंत्रानं लिहिलेला कोडही दुसऱ्यानंच लिहिलेला असतो. तो वाचून 'हो, चालेल' म्हणणाऱ्याला सही करावी लागते.

या सगळ्याची खरी कसोटी 'केटी'त लागते. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर : प्रोजेक्ट सोडणारा येणाऱ्याला काम समजावतो. दीड-दोन वर्षांपूर्वी जी नवी होती, तीच आता समजावणारी असते. बहुतेक ठिकाणी यासाठी एक स्लाइडशो आणि चार कॉल होतात. कुठला जॉब किती वाजता चालतो, कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, पासवर्ड कोणाकडे मागायचा, एवढं त्यात येतं. चांगल्या टीम 'रिव्हर्स केटी' घेतात : शेवटच्या आठवड्यात नवा माणूस बोलतो आणि जुना ऐकतो, म्हणजे काय समजलं नाही ते उघडं पडतं. त्या बैठकीत नोटिसांच्या जॉबबद्दल नव्या माणसाला निदान एवढं सांगता यायला हवं : त्रुटी आली तरी हा जॉब थांबत नाही आणि त्याचं कारण काय, तो लॉग आता दररोज सकाळी नऊच्या आत कोण वाचतं, आणि पत्त्याच्या स्क्रीनचं तिकीट अजून उघडं आहे.